महाडीबीटी शिष्यवृत्ती पोर्टल : घरातील दोन अर्जांनंतरचा अभिप्राय

महाराष्ट्र शासनाच्या बहुतेक महाविद्यालयीन शिष्यवृत्त्यांचे अर्ज ज्या एका खिडकीतून जातात, त्या महाडीबीटी पोर्टलवर मी आजवर घरातील दोन मुलांचे अर्ज भरले आहेत. पहिला २०२२ मध्ये, पुतण्या अभियांत्रिकीसाठी पुण्यास गेला तेव्हा, आणि दुसरा २०२४ मध्ये त्याच्या धाकट्या बहिणीचा. दादांची शेती दोन एकर, वहिनींना मोबाइलवरचा ओटीपी वाचून दाखवण्यापलीकडे या प्रकारात रस नाही, त्यामुळे हे काम माझ्याकडे आले. पोर्टलबद्दल माझे मत एकंदरीत अनुकूल आहे. मात्र त्यावर जाण्यापूर्वीची तयारी अर्जाहून मोठी आहे आणि ती कोणी नीट सांगत नाही, म्हणून हा अभिप्राय जरा विस्ताराने लिहीत आहे.

या सेवेचा सर्वांत चांगला भाग म्हणजे तिची रचना. आधार क्रमांकावरून नोंदणी करायची, त्यानंतर वैयक्तिक माहिती, पत्ता, चालू अभ्यासक्रम, मागील शिक्षण आणि वसतिगृह असे विभाग एकेक करून भरायचे. ते पूर्ण झाले की आपण दिलेल्या माहितीनुसार कोणत्या योजना लागू होतात, ते पोर्टल स्वतःच दाखवते. समाजकल्याण, आदिवासी विकास, उच्च व तंत्रशिक्षण अशा निरनिराळ्या विभागांच्या योजना शोधत फिरावे लागत नाही. अडचण इतकीच, की माहिती भरताना एक रकाना चुकला तरी योजना गुपचूप यादीतून गळते, आणि ती गळल्याचे कोणी कळवत नाही. पुतण्या वसतिगृहात राहणार होता, पण घाईत मी त्याला घरून ये-जा करणारा विद्यार्थी दाखवले. वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना यादीत दिसेना, तेव्हा मी मागे जाऊन पाहिले. चूक माझीच होती. मात्र हा रकाना इतका महत्त्वाचा आहे हे तिथल्या तिथे एका वाक्यात सांगितले असते, तर बरे झाले असते.

त्या भत्त्याविषयी मुद्दाम लिहितो, कारण पात्र असूनही तो न मागणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना शुल्कासाठी आहे, तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी. दोन्हींचे अर्ज वेगवेगळे करावे लागतात, आणि पहिला अर्ज सादर झाल्यावर पुष्कळ जण सुटलो म्हणून संगणक बंद करतात. पुतण्याचा अर्ज केला त्या वर्षी, म्हणजे २०२२ मध्ये, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी हा भत्ता पुण्यासारख्या मोठ्या शहरात वर्षाला ३०,००० रुपये आणि इतर ठिकाणी २०,००० रुपये होता. खानावळीचे महिन्याचे बिल ज्यांनी भरले आहे, त्यांना या रकमेची किंमत सांगायला नको.

आता शुल्काबद्दल. शाहू महाराज योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असावे लागते, लाभ कुटुंबातील दोन अपत्यांपुरता असतो आणि पुतण्याला ५० टक्के शुल्काचा लाभ मिळाला. पुतणीच्या वर्षी चित्र पालटले होते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील मुलींना, उत्पन्नाची तीच मर्यादा ठेवून, व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ५० ऐवजी १०० टक्के लाभ मंजूर झाला. ‘मुलींना शिक्षण मोफत’ अशा शब्दांत ही बातमी गावात पोहोचली, आणि वहिनींनी प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले पैसे दुसरीकडे वळवायचे ठरवले. तसे करू नये. निर्णयातील शब्द शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क असे आहेत. विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, खानावळ, पुस्तके हे सारे पालकांच्याच खिशातून जाते. शिवाय प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातील जागेला, खाजगी अभिमत विद्यापीठाला किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठाला ही सवलत नाही, त्यामुळे महाविद्यालयांची पसंती देतानाच हे तपासले पाहिजे, प्रवेश झाल्यावर नव्हे.

कागदपत्रांच्या बाबतीत पोर्टल कडक आहे, आणि मला ते योग्य वाटते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, रेशनकार्ड, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, प्रवेशाचे वाटपपत्र, आणि प्रवर्गातून प्रवेश असल्यास जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र. ‘आपले सरकार’वरून काढलेल्या दाखल्यावर बारकोड क्रमांक असतो आणि पोर्टल तो मागते, म्हणून जुने हस्तलिखित दाखले घेऊन बसू नये. फाइलचा आकार २५६ केबीच्या आत बसवणे हे मात्र चिकाटीचे काम आहे: गुणपत्रिका तेवढी लहान केली की गुण वाचता येत नाहीत, आणि गुण वाचता येतील अशी ठेवली की पोर्टल ती घेत नाही. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानदाराला ही कला साधली आहे, आणि तो त्याचे पैसे घेतो. मला ते पैसे खटकले नाहीत. खटकले ते हे, की ओटीपीचा त्रास नको म्हणून तो काही मुलांच्या खात्यांना स्वतःचाच मोबाइल क्रमांक देत होता. पुढल्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी त्या मुलांना त्याच्याच दारात उभे राहावे लागणार.

आमचा सर्वांत मोठा गोंधळ मात्र बँकेत झाला. पोर्टलवरून येणारी रक्कम आधार क्रमांकाशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि एका माणसाची कितीही खाती असली तरी अशा रकमेसाठी आधार एकाच, म्हणजे सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्याशी बांधलेला असतो. पुतण्याचे एक खाते शाळेत असताना उघडलेले होते, आणि पुण्यास गेल्यावर त्याने दुसरे उघडले. नव्या शाखेत आधारकार्डाची प्रत दिली म्हणजे झाले, अशी आमची समजूत. प्रत दिली होती ती ओळख पटवण्यासाठी; रक्कम स्वीकारण्यासाठी आधार जोडण्याचा संमतिअर्ज वेगळा असतो, आणि तो कोणी पुढे केला नाही. पोर्टलवर रक्कम दिल्याची नोंद, पासबुकात शून्य, आणि पैसे गेलेले शाळेच्या काळातील त्या खात्यात, जे वापराअभावी बँकेने बंद ठेवले होते. ते चालू करून घेण्यासाठी पुतण्याला दोनदा गावी यावे लागले. म्हणून पुतणीच्या वेळी मी अर्जाला हात लावण्यापूर्वीच तिचा आधार कोणत्या खात्याशी जोडलेला आहे, हे आधारच्या संकेतस्थळावर पाहून घेतले. त्याला पाच मिनिटे लागतात.

सादर झालेला अर्ज प्रथम महाविद्यालयाच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे आणि त्यानंतर विभागाकडे जातो. कोणत्या टप्प्यावर अडकला आहे ते विद्यार्थ्याला दिसते, ही पूर्वीच्या कागदी पद्धतीपेक्षा फार मोठी सोय आहे. तरीही दिसणे वेगळे आणि हलणे वेगळे. पुतण्याचा अर्ज त्याच्या महाविद्यालयात तीन आठवडे लिपिकाकडे पडून होता. विचारायला गेल्यावर ‘मुदतवाढ मिळतेच’ असे उत्तर मिळाले. मुदतवाढ वरचेवर मिळते हे खरे, पण त्रुटीसाठी परत आलेला अर्ज दुरुस्त करून पुन्हा पाठवण्याचा वेळही त्याच मुदतीतून जातो. त्यात परत पाठवण्याचे कारण एखाद्या त्रोटक शेऱ्यात येते आणि त्यावरून नेमका कोणता कागद बदलायचा, हे दर वेळी कळतेच असे नाही. तेवढे स्पष्ट मराठीत लिहून आले, तर निम्म्या फेऱ्या वाचतील.

नव्या पालकांनी पुढील वर्षाचे नूतनीकरण गृहीत धरू नये. आमच्या वेळी ते दर वर्षी स्वतः करावे लागत होते. पुतणीच्या पहिल्या अर्जाचा क्रमांक, वापरकर्ता नाव आणि परवलीचा शब्द वहिनींनी रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत, दादांच्या सातबाऱ्याशेजारी ठेवला आहे.