सिमेंटचे जुने पत्रे: राहू द्यावेत, रंगवावेत, झाकावेत की उतरवावेत?

आमच्या श्रीवर्धन तालुक्यातल्या घराचं माजघर कौलारू आणि पुढची पडवी सिमेंटच्या पत्र्यांची. पत्रे वडिलांनी १९८४ साली घातले. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात माड कोसळला आणि त्यातले चार फुटले. त्या दिवसांत नवा पत्रा मिळणं हेच नशीब. मिळाला तो मिस्त्रीने अंगणातच ग्राइंडर लावून कापला. पांढरा धुरळा विहिरीपर्यंत गेला. संध्याकाळी आईने तो खराट्याने झाडून काढला, तोंडाला पदर लावून. मी शेजारी उभा राहून चहा पीत होतो.

आता उरलेल्या पत्र्यांनी चाळिशी ओलांडली आहे. पुण्याचा भाऊ म्हणतो, सगळे काढून टाक, कॅन्सर होतो. चुलते म्हणतात, सगळं गाव याच पत्र्याखाली म्हातारं झालं, काय झालं कुणाला? दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, म्हणून तर निर्णय अवघड. हाच प्रश्न पडलेल्यांसाठी चारही वाटा शेजारी शेजारी मांडतो.

आधी वस्तू ओळखू. या पत्र्यात साधारण दहावा हिस्सा पांढरं ॲस्बेस्टॉस, म्हणजे क्रायसोटाइल, असतं. बाकी सिमेंट आणि राख. ॲस्बेस्टॉस हा दगडच, पण त्याचे धागे निघतात. एका धाग्याचे उभे चिरत चिरत डोळ्याला न दिसणारे बारीक तंतू होतात. ते श्वासातून खोल जातात आणि शरीराला सहज बाहेर काढता येत नाहीत. त्यातून फुफ्फुस घट्ट करणारा ॲस्बेस्टॉसिस, फुफ्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा होतात. मेसोथेलिओमा हा फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कॅन्सर. धूळ अंगात गेल्यापासून तो दिसेपर्यंत वीस ते पन्नास वर्षं जाऊ शकतात. चुलत्यांच्या ‘काय झालं कुणाला’ची गोम इथेच आहे: ज्याने १९८४ ला पत्रे कापले, त्याचा हिशेब आत्ता कुठे लागतोय, आणि तो मिस्त्री कुठल्या गावचा होता हेही आम्हाला आठवत नाही. विडी-सिगारेटचा मेसोथेलिओमाशी संबंध नाही. मात्र ॲस्बेस्टॉसच्या जोडीला धूम्रपान असेल, तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कैक पटींनी वाढतो.

डोक्यावरचा अखंड पत्रा नुसता पडून राहिला, तर त्यातून फारच थोडे तंतू सुटतात. ते सिमेंटमध्ये जखडलेले असतात. पत्रा कापला, भोक पाडलं, घासला, फोडला की सुटतात. म्हणून प्रत्येक वाटेला मी एकच प्रश्न विचारला: हे केलं तर पत्र्याला किती वेळा हात लागेल, आणि तो हात कुणाचा असेल?

आहेत तसे राहू देणं

खर्च शून्य, धूळ शून्य. पत्रे अखंड असतील, खाली कडेला भुगा पडत नसेल, येत्या काही वर्षांत छपराशी काही करायचं नसेल, तर ही वाट भित्रेपणाची नाही, शहाणपणाची आहे. युरोपातही चांगल्या अवस्थेतलं ॲस्बेस्टॉस-सिमेंट बऱ्याचदा नोंद करून, लक्ष ठेवून जागेवरच राहू देतात.

फक्त ‘राहू देणं’ म्हणजे खरोखर राहू देणं. डिशचा दांडा, सोलरचं पॅनल, पंख्याचा हूक यासाठी भोक पाडायचं नाही. शेवाळ खरवडायचं नाही. प्रेशरच्या पाण्याने धुवायचं तर अजिबात नाही. त्याने वरचा सिमेंटचा थर निघतो आणि तंतू उघडे पडतात. पन्हळीत साचणारा काळा गाळ ओला असतानाच काढून पिशवीत बांधावा, कारण पावसाने झिजलेले तंतू तिथेच उतरतात. पागोळ्यांचं पाणी हौदात घेणाऱ्यांना शंका येते; पोटातून गेलेल्या तंतूंनी अपाय होतो असा ठाम पुरावा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. काळजी श्वासाची करावी.

आणखी एक धोका आहे, आणि तो वीस वर्षं थांबत नाही. जुना पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. गळती बघायला वर चढलेला माणूस पत्रा फुटून थेट फरशीवर येतो. तेव्हा ‘राहू द्या’ ठरवलं, तरी वर कुणी चढणार नाही हे त्यातच आलं.

रंग किंवा कोटिंग देणं

दुकानदार ही वाट फार आवडीने सुचवतो. गळती थांबेल, ऊन कमी लागेल, तंतूही दबतील. तिसरं काही अंशी खरं आहे. पण रंग धरायला पृष्ठभाग स्वच्छ हवा, आणि स्वच्छ करणं म्हणजे तारेच्या ब्रशने घासणं. जे टाळायचं तेच आधी करायचं. वर परत माणूस चढणार, तेही ओल्या, बुळबुळीत पत्र्यावर.

मला यातला एकच भाग पटला: खालून, घराच्या आतल्या बाजूने, न घासता रंगाचे दोन हात देणं. शिडीवर उभं राहून होतं, धूळ उडत नाही. पत्रे बरे असतील, तर पहिल्या वाटेला ही पुरवणी म्हणून चांगली. वरून कोटिंग मात्र, पत्रे चांगले असतील तर नको, आणि खराब असतील तर उपयोग नाही.

वरून नवा पत्रा घालणं

जुना पत्रा तसाच ठेवून त्यावर रंगीत स्टीलचा पत्रा मारायचा. फॅब्रिकेटरला सोपं, तुम्हाला स्वस्त. माझ्या मते चौघांत ही सगळ्यात वाईट वाट. स्क्रू जुन्या पत्र्यातून जाणार, म्हणजे शेकडो भोकं, आणि त्यातला भुगा खाली घरात. वाशांवर दुप्पट ओझं. पुढे कधीतरी छप्पर उतरवणाऱ्याला आत काय आहे हे माहीतच नसणार. तो वरून पहार घालणार. जुन्याला न शिवता खांबांवर वेगळी कैची, म्हणजे छपराचा सांगाडा, उभारून नवं छप्पर करता आलं तर गोष्ट निराळी. पण मग खर्च उतरवण्याच्या जवळ जातो.

उतरवणं

पत्र्यांना तडे गेले असतील, कडा हाताने कुस्करत असतील, किंवा सोलर, मजला, नवी कैची असं काही दोन-चार वर्षांत होणारच असेल, तर एकदाच उतरवा आणि नीट उतरवा. हप्त्याहप्त्याने, दर पावसाळ्याआधी दोन पत्रे बदलत राहणं म्हणजे दरवर्षी धूळ खाणं. आम्ही तेच केलं.

नीट म्हणजे कसं, हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच सगळं बिघडतं.

पत्रे आधी पाण्याच्या बारीक फवाऱ्याने भिजवायचे. औषध फवारणीचा पाठीवरचा पंप चालतो, पण तो नवा घ्या, कीटकनाशकाचा नको. पत्रा धरून ठेवणाऱ्या आकड्याचे (हुकाचे) नट गंजलेले असतात, ते फिरत नाहीत, म्हणून मिस्त्री पत्र्यालाच हातोडा घालतो. त्याऐवजी आकडा हाताच्या बोल्ट कटरने कापायचा, पत्रा अख्खा सोडवायचा. माणसाने पत्र्यावर पाय द्यायचा नाही. वाशांवर टेकतील अशा फळ्यांवरून किंवा शक्यतो खालून परांचीवर उभं राहून काम करायचं. पत्रा दोराने उतरवायचा, फेकायचा नाही. खाली जाड प्लास्टिक अंथरायचं, विहीर झाकायची, शेजारच्यांना वाळत घातलेले कपडे आत घ्यायला सांगायचं. ग्राइंडर त्या दिवशी घरातच नको. शेवटी खराटा नाही, साधा व्हॅक्यूम नाही. ओलं फडकं, आणि ते फडकंही पिशवीत.

रुमाल किंवा सर्जिकल मास्क इथे कामाचा नाही. एफएफपी३ किंवा पी१०० दर्जाचा मास्क घ्या, आणि तो दाढीवर नीट बसत नाही हेही लक्षात ठेवा. हे पैसे घरमालकाने द्यायचे. मजुरीतून कापायचे नाहीत.

कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत, हा नियम मला आधी सोवळं वाटला होता. मग १९६५ चा लंडनमधला न्यूहाउस आणि थॉम्प्सन यांचा अभ्यास वाचला. मेसोथेलिओमाच्या ७६ रुग्णांपैकी ३१ जण ॲस्बेस्टॉसचं काम केलेले. आणखी ९ जण असे की काम त्यांनी नव्हे, घरातल्या कुणीतरी केलेलं. नवऱ्याचे कामाचे कपडे बायकोने धुतले, अशी ती कहाणी. आणि ११ जण नुसते कारखान्यापासून अर्ध्या मैलात राहणारे. आईचा तो खराटा मला तेव्हापासून आठवतो. एका संध्याकाळच्या धुळीने लगेच काही होतं असं नाही, धोका मात्रेप्रमाणे वाढतो. पण मिस्त्रीची रोजचीच संध्याकाळ तशी असते.

उतरवल्यावर काय घालायचं

रंगीत स्टीलचा पत्रा हलका. अर्ध्या मिलिमीटर जाडीचा चौरस मीटरला चार-पाच किलो भरतो. सिमेंटचा त्याच्या तिप्पट. म्हणून कैची तीच चालते. पण हलका म्हणून वाऱ्याला उडतो: कडेला आणि कोन्याला स्क्रू जवळजवळ हवेत, रबरी वायसर चांगला हवा. किनाऱ्यावर साधा जस्ताचा पत्रा लवकर गंजतो; ॲल्युमिनियम-जस्त लेपाचा घ्या आणि जाडी स्वतः मोजून घ्या. मृगाच्या पावसात खाली बोलणं ऐकू येत नाही आणि मे महिन्यात ताप जाणवतो, ही किंमत आहे.

ॲस्बेस्टॉसविरहित सिमेंट पत्राही मिळतो. दिसायला सारखाच, आवाज कमी, ताप कमी, किंमत जास्त. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, पत्र्यावरचा मानक क्रमांक बघा: आयएस ४५९ म्हणजे ॲस्बेस्टॉसचा, आयएस १४८७१ म्हणजे त्याशिवायचा. अर्थात हाही ग्राइंडरने कोरडा कापला तर सिमेंट आणि सिलिकाची धूळ उडतेच.

मंगलोरी कौलं सगळ्यात थंड, पण चौरस मीटरला चाळीस किलोच्या आसपास वजन. पत्र्याच्या कैचीवर ती चढवता येत नाहीत. शिवाय शाकारणारे हात आता गावात किती उरलेत?

कायदा कुणाच्या बाजूने

घरमालकाला ‘काढा’ म्हणणारा कायदा आपल्याकडे नाही. भारतात ॲस्बेस्टॉसच्या खाणींना परवाने देणं १९८६ पासून थांबलं, पण बाहेरून, मुख्यतः रशियातून, आणून पत्रे बनवणं आणि विकणं चालू आहे. ब्रिटनने १९९९ मध्ये, युरोपीय संघाने २००५ पासून पूर्ण बंदी घातली. कॅनडा वर्षानुवर्षं आपल्याला हे विकत होता. त्याने २०१८ मध्ये स्वतःकडे बंदी आणली आणि क्वेबेकमधल्या ॲस्बेस्टॉस नावाच्या गावाने २०२० मध्ये नावसुद्धा बदललं.

कामगारांसाठी महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, २७ जानेवारी १९९५ चा. कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत जपायची. आजार सिद्ध झालेल्याला एक लाख रुपये भरपाई. ॲस्बेस्टॉसिस आणि ॲस्बेस्टॉसमुळे झालेला मेसोथेलिओमा हे कायद्याच्या यादीतले व्यावसायिक आजार आहेत. पण हे सगळं कारखान्याच्या हजेरीपटावर नाव असलेल्याच्या हाती लागतं. गावोगाव पत्रे बसवणाऱ्या मिस्त्रीचं नाव कुठल्याच पटावर नसतं. तुमच्या घरात कुणी गोदीत, जहाजतोडणीत, ब्रेक लायनिंगच्या किंवा पत्र्याच्या कारखान्यात काम केलं असेल, तर कामाचे जुने कागद, पगारपत्रकं, ईएसआयचं कार्ड फेकू नका. आणि छातीत पाणी झालं, दम लागला, तर डॉक्टरांना हे काम आपणहून सांगा. आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय टीबीवर जातो, तीस वर्षांपूर्वीची नोकरी कुणी विचारत नाही.

उतरवलेल्या पत्र्यांचं काय

उतरवण्याच्या बाजूने मी आहे खरा, पण ही तिची सगळ्यात लंगडी बाजू. टाकून दिलेलं ॲस्बेस्टॉस २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या यादीत येतं. असा कचरा घेणारी ठिकाणं राज्यात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे आहेत, पण त्यांची घडी कारखान्यांसाठी बसवलेली. घरच्या बारा पत्र्यांसाठी कुणी ट्रक पाठवत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत उतरवण्याच्या आधी लेखी विचारा, नंतर नाही.

तोवर पत्रे अख्खे, ओले, जाड प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळून, वर ठळक लिहून, पायवाटेपासून लांब ठेवायचे. भंगारवाला मागेल, त्याला द्यायचे नाहीत. ‘चांगले आहेत, गोठ्याला घालू’ हे तर ठरलेलं वाक्य. फोडून रस्त्याच्या खड्ड्यात भर म्हणून घालणं सगळ्यात वाईट, आणि निसर्ग वादळानंतर मी तेच होताना पाहिलं.

आमच्या पडवीपुरतं असं ठरलं: फुटक्या भागाला लागून असलेले तीन पत्रे तडकलेले आणि वर सोलर बसवायचा आहे, म्हणून सगळी पडवी या मार्चमध्ये उतरवायची. मागच्या न्हाणीवरचे सहा पत्रे धडधाकट आहेत, ते तसेच राहतील, आतून रंगाचे दोन हात देऊन. मिस्त्री मास्कला हसला. मग म्हणाला, दोन आणा, पोरगा पण येतो माझ्याबरोबर. पोरगा सतरा वर्षांचा आहे. मी त्याला वर चढवायचं नाही असं सांगितलंय, त्याची मजुरी मात्र धरली आहे.