आंब्याची मागणी, एआय एजंट आणि साधनांची वर्णने: एका सेवेचा अनुभव

रत्नागिरीतील आमच्या बागेच्या हापूसची मागणी नोंदवणाऱ्या एआय एजंटला (ग्राहकाशी संभाषण करून कामे करणाऱ्या प्रोग्रामला) दिलेल्या साधनाचे, म्हणजे मागणी नोंदवण्यासाठी तो वापरतो त्या छोट्या प्रोग्रामचे, वर्णन गेल्या हंगामात 'मागणी नोंदवते' एवढेच होते आणि 'संख्या' या रकान्यात पेट्या लिहायच्या की डझन, हे कोठेही लिहिलेले नव्हते. परिणामी 5 डझन मागणाऱ्या ग्राहकाच्या नावावर 5 पेट्या पडल्या. एजंटला साधनाच्या आतला प्रोग्राम सहसा दिसत नाही, नाव, वर्णन आणि रकाने यांवरूनच तो निर्णय घेतो, हे वर्णने नव्याने लिहून देणाऱ्या या सेवेने आम्हाला प्रथम नीट समजावले.

त्यांनी एकक, तारखेचा साचा आणि साधन केव्हा वापरू नये हे स्पष्ट लिहिले; शिवाय नुसता भाव विचारणाऱ्याची मागणी चुकून नोंदली जाऊ नये म्हणून भाव सांगणारे साधन वेगळे केले. आमच्या पडवीत बसून, ग्राहक फोनवर नेमके काय बोलतात हे त्यांनी वडिलांना विचारून घेतले, याचे मला फार मोल वाटते. वर्णने मात्र थोडी लांबली आहेत, आणि ती प्रत्येक संभाषणात एजंटमागच्या भाषा-मॉडेलपुढे जात असल्याने खर्च वाढतो. 'दीड पेटी'सारखी उदाहरणेही हवी होती. ती आम्ही स्वतः घातली.