न जळलेला अल्टरनेटर आणि १७,८१८ रुपयांचे बिल

गेल्या नोव्हेंबरात महूहून इंदूरला परतताना राऊच्या अलीकडे गाडीच्या डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि राजेंद्रनगरपर्यंत येता येता हेडलाइट मंदावले. गाडी सहा वर्षांची, वॉरंटी संपलेली; पण पहिल्या दिवसापासून तिची प्रत्येक सर्व्हिसिंग अधिकृत डीलरच्याच वर्कशॉपमध्ये झालेली असल्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिथेच टो करून नेली. दुपारी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरचा फोन आला: "सर, अल्टरनेटर अंदर से जल गया है। वाइंडिंग गई। ये रिपेअर नहीं होता, पूरी असेंब्ली ही आती है।" अल्टरनेटर म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारे यंत्र, वाइंडिंग म्हणजे त्याच्या आतल्या तांब्याच्या तारेची वेटोळी, आणि असेंब्ली म्हणजे सगळे भाग जोडलेले अख्खे यंत्र. मी दुरुस्तीबद्दल दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा हेच उत्तर मिळाले. गाडीशिवाय अडले होते, म्हणून मी होकार दिला. असेंब्लीचे १३,९०० रुपये, मजुरीचे १,२०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून बिल १७,८१८ रुपयांचे झाले.

गाडी घेताना मी जुना अल्टरनेटर मागितला. आधी "तो कंपनीत जमा होतो" असे सांगण्यात आले. हे वॉरंटीतून बदललेल्या भागाबाबत खरे असते, कारण त्याचे पैसे कंपनी देते. माझ्या पैशाने बदललेला भाग माझा होता. तसे ठामपणे म्हटल्यावर "स्टोअर बंद झाले, उद्या या" असे उत्तर मिळाले. तो दुसऱ्या दिवशी तासभर बसून राहिल्यावर एका खोक्यात घालून मिळाला. हा आग्रह धरण्याचे श्रेय माझे नाही. रोडवेजच्या वर्कशॉपमध्ये उभी नोकरी केलेले आमच्या सुदामानगरातले शेजारचे काका मला गाडी आणायला जाण्याच्या आदल्या रात्री म्हणाले होते, "अरे, वाइंडिंग जळलं असेल तर वास येतो, तार काळी पडते. जुना पार्ट घरी आण, मग बोलू." खोके उघडल्याबरोबर त्यांनी अल्टरनेटर नाकाशी धरला आणि जाळीतून आत टॉर्च मारला. तांब्याची तार लख्ख लालसर होती.

मग आम्ही दोघे तो घेऊन छोटी ग्वालटोलीतल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी मागचे झाकण काढून व्होल्टेज आवाक्यात ठेवणारा रेग्युलेटर बाहेर घेतला. या रेग्युलेटरलाच दोन कार्बन ब्रश जोडलेले असतात, ते रोटरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या भागाच्या, स्लिप रिंग नावाच्या कड्यांवर घासत राहून त्याला विद्युतप्रवाह पुरवतात, आणि पेन्सिलीचे शिसे झिजावे तसे वर्षानुवर्षे झिजत जातात. एका ब्रशचा तीन-चार मिलिमीटरचा तुकडा उरला होता; दुसरा इतका आखूड झाला होता की मागची स्प्रिंग पूर्ण ताणूनही तो रिंगेला टेकत नव्हता. ब्रश टेकत नाही म्हणून रोटरमध्ये चुंबकत्व निर्माण होत नाही, चुंबकत्व नाही म्हणून चार्जिंग होत नाही, आणि म्हणून दिवा लागतो. माझ्या गाडीचा संपूर्ण बिघाड एवढाच होता. त्यांनी माझ्यासमोर मीटर लावून स्टेटरचे, म्हणजे स्थिर भागाचे, वाइंडिंग, रोटर आणि डायोड तपासले. तिन्ही शाबूत होते. बेअरिंगही आवाज न करता फिरत होते. ब्रशसह नवा रेग्युलेटर ९५० रुपयांना मिळाला, मजुरी ४०० रुपये झाली, आणि तो 'जळलेला' अल्टरनेटर टेस्ट बेंचवर १४.२ व्होल्ट देऊ लागला. गाडी चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले की चार्जिंग ठीक आहे असे समजतात.

डीलरच्या वर्कशॉपची बाजूही मला समजते. तिथल्या मेकॅनिकला भाग उघडण्यापेक्षा भाग बदलण्याचेच शिक्षण मिळालेले असते, गाडी लवकर मोकळी करायची असते, आणि नव्या असेंब्लीवर वॉरंटी देता येते. वाइंडिंग खरोखर जळले असेल किंवा बॉडीला तडा गेला असेल, तर पूर्ण अल्टरनेटर बदलणेच शहाणपणाचे. एअरबॅगसारख्या सुरक्षेच्या भागात तर कोणी दुरुस्तीचा हट्ट धरूच नये. "आम्ही उघडत नाही, नवाच बसवतो, तुम्हाला दुरुस्ती हवी असेल तर बाहेर करून घ्या" एवढे मला सांगितले असते, तर कदाचित मी तरीही नवाच बसवला असता आणि हे लिहिण्याची वेळ आली नसती. त्यांनी मात्र न उघडलेल्या भागाबद्दल तो आतून जळल्याचे सांगितले आणि जो रेग्युलेटर बाजारात सुटा मिळतो, तो मिळतच नाही असे भासवून माझी संमती घेतली. हीच फसवणूक आहे, आणि अशी संमती दररोज किती जणांकडून फोनवर घेतली जात असेल, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

मी सर्व्हिस मॅनेजरना भेटलो आणि जॉब कार्ड दाखवायला सांगितले. तक्रारीच्या रकान्यात 'बॅटरी लाइट ऑन' आणि कामाच्या रकान्यात 'अल्टरनेटर असेंब्ली बदलली' असे लिहिलेले होते. दोन्हींच्या मध्ये तपासणीची जागा कोरी होती. व्होल्टेजचा एकही आकडा नव्हता. वाइंडिंग जळल्याचे कशावरून ठरवले, याचे उत्तर त्यांना देता आले नाही. पुढच्या सर्व्हिसिंगच्या मजुरीवर दहा टक्के सवलत त्यांनी देऊ केली. मी ती नाकारली.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटीची जी व्याख्या आहे, तिच्यात ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवण्याचाही समावेश आहे, हे मला यानिमित्ताने कळले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तिथे निकाल लागला नाही, तर तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क लागत नाही. सुटे भाग बाहेरच्या कारागिरांपर्यंत पोहोचू न देण्याचा प्रश्नही नवा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी याच कारणावरून १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. ते प्रकरण पुढे अपिलात गेले.

आता वर्कशॉपमध्ये कुठलीही 'असेंब्ली' बदलायचा फोन आला, की मी आधी तपासणीतले आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर मागतो, तो भाग उघडून पाहिला का आणि त्याच्या आतला सुटा भाग मिळतो का, हे लेखी विचारतो, आणि जुना भाग परत हवा असे जॉब कार्डवर सही करण्यापूर्वीच लिहून घेतो. ज्यांची गाडी आज वर्कशॉपमध्ये उभी आहे, त्यांनी होकार देण्याआधी निदान एवढे जरूर करावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

१९१५ वर माझी तक्रार नोंदवलेली आहे. दुरुस्त झालेला अल्टरनेटर घरी ठेवला आहे आणि त्यातून निघालेले ते दोन झिजलेले ब्रश, इलेक्ट्रिशियनच्या १,३५० रुपयांच्या पावतीसह, एका लिफाफ्यात घालून मी फाइलला लावले आहेत.