गाडी आवडली, ९० च्या थरथरीने जीव काढला

मायलेज, एसी, डिकी यांबद्दल तक्रार नाही. मायलेज कंपनी सांगते त्यापेक्षा कमी, पण ते कुणाला तेवढं मिळतं? मागे तिघांना लांबच्या प्रवासाला बसवू नका. बस, एवढंच. आता स्टिअरिंग.

ताशी ८० किलोमीटरपर्यंत काही नाही. ८५ ओलांडलं की स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर सुरू होते, ९० ते १०० मध्ये मनगटावरचं घड्याळ हलताना दिसतं, आणि ११० ला पुन्हा सगळं गुमान. शेजारच्या सीटवर काहीच कळत नाही, त्यामुळे घरच्यांच्या मते हे माझ्या मनाचे खेळ.

सर्व्हिस सेंटरने चाकांचं बॅलन्सिंग (वजन सगळीकडे सारखं करणं) केलं. फरक शून्य. पुन्हा बॅलन्सिंग, सोबत अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), आणि दोन्हींचं बिल. अलाइनमेंट बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेला खातात. ठरावीक वेगाला थरथर येत नाही, हे ज्याने बिल फाडलं त्यालाही ठाऊक असणार. नंतर हातात एस्टिमेट पडलं: दोन्ही लोअर आर्म आणि टाय रॉड एंड, म्हणजे चाक धरणारे आणि वळवणारे भाग. "बदलून बघू या, सर." बघणार ते, पैसे माझे. म्हटलं, आधी गाडी जॅकवर घ्या आणि चाक वर-खाली, डावं-उजवं हलवून दाखवा. कुठेही प्ले (ढिलेपणा) नाही. ढिले बुश (सांध्यांतले रबर) आधीच असलेली थरथर वाढवतात, पण मुळात हादरा देणारं काहीतरी दुसरंच फिरत असतं.

मग खर्च न करता जे तपासता येतं ते तपासलं. त्याच वेगाला पाचवा आणि चौथा, दोन्ही गिअर लावून पाहिले. इंजिनचा वेग बदलला, थरथर तीच, म्हणजे इंजिन निर्दोष सुटलं. १८५/६५ आर १५ मापाचा टायर ९० ला सेकंदाला सुमारे १३ फेऱ्या मारतो. इंजिन २४०० आरपीएमला असेल तर सेकंदाला ४०. एवढा फरक हाताला कळतो. ब्रेक दाबल्यावर थरथर वाढत नव्हती, म्हणून डिस्कवरचा संशय कमी झाला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला काय, सोडला काय, सारखंच. म्हणून आतला सीव्ही जॉइंटही (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा सांधा) बाजूला ठेवला. शेवटी पुढची चाकं मागे टाकली आणि थरथर हातातून निघून सीटखाली गेली! त्यानंतर एकेक चाक पुढे आणून पाहिलं, तर गुन्हेगार मूळचं पुढचं डावं निघालं.

ते चाक घेऊन गेलो तर बॅलन्सिंग मशीनवर पुन्हा ०-०, म्हणजे आत-बाहेर दोन्ही बाजूंना फरक शून्य. या शून्याचा मला आता मनापासून राग येतो. बॅलन्सिंग मशीन चाक हवेत फिरवतं आणि वजन सगळीकडे सारखं आहे का, एवढंच बघतं. शिशाचे तुकडे ठोकून अंडंही बॅलन्स करता येईल. चाक गोल आहे का, गाडीचा भार आल्यावर टायरची कड सगळीकडे सारखीच दबते का, हे त्या शून्यात कुठेच नसतं. शिवाय बऱ्याच मशीन थोड्या ग्रॅमचा फरक शून्यच दाखवतात, बारीक मोड वेगळा लावावा लागतो. आणि चाक मशीनवर मधोमध धरणारा शंकू नीट न बसता चाक कसलं असेल तर तो शून्यच खोटा. पडताळा सोपा आहे: चाक सैल करा, मशीनच्या शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा कसा, फिरवा. शून्य टिकला तर खरा. हे करायला सांगितलं की समोरचा माणूस आपल्याकडे कसा बघतो, तेही अनुभवा.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि टायर कंपनीला एक स्टार द्यायचं नक्की होतं. पण एका साध्या टायरवाल्याने आधी रिमला डायल गेज (गोलाईतला फरक दाखवणारं काट्याचं माप) लावला. रिम सरळ. मग टायरला लावला, तर काटा दीड मिलिमीटरच्या वर नाचला. त्याने टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवला, हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढला, आणि नट गनने न ठोकता टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने कसणाऱ्या पान्याने) आडवे-तिडवे कसले. थरथर निम्मी झाली. निम्मी!

उरलेली निम्मी गेली नवीन टायरने. सर्व्हिस सेंटर म्हणत होतं, टायर आमच्या वॉरंटीत नाही. खरंय, ती टायर कंपनीची असते. पण तिकडे क्लेम करा, हे कुणी तोंडाने सांगितलं नाही. मीच क्लेम केला. टायर कंपनीच्या माणसाने टायर पाहिला, उरलेल्या ट्रेडची (टायरवरच्या खाचांची) खोली मोजली, झिजलेल्या भागाचे पैसे कापून बदली दिला. वाद नाही, फेऱ्या नाहीत. म्हणून टायर कंपनीचा एक स्टार मागे घेतो, चार देतो. आता कुठल्याच वेगाला काही नाही, आणि घरच्यांना अजूनही फरक कळत नाही.

गाडीला साडेचार. सर्व्हिस सेंटरला एक, तोही चहा चांगला मिळतो म्हणून. फुकट गेलेल्या बॅलन्सिंग-अलाइनमेंटचे पैसे परत मागितलेत. त्यांनी पुढच्या सर्व्हिसला वॉशिंग फ्री देऊ केलंय. वॉशिंग घेणार आहे, तक्रार मागे घेणार नाही.