समानार्थी शब्दांचं ॲप: ‘फरक’ टाकून पाहिलं

मी मुद्रितशोधन करते. एकाच परिच्छेदात ‘फरक’ चार वेळा आला की हात थांबतो, म्हणून तीन महिन्यांपूर्वी हे ॲप घेतलं. नाव मुद्दाम लिहीत नाही.

‘फरक’ टाकला. भेद, तफावत, अंतर, भिन्नता, विविधता अशी रांग आली, सगळे सख्खे भाऊ असल्यासारखे. शेजारी ‘बदला’ हे बटण. माझं वाक्य होतं, ‘औषधानं बराच फरक आहे.’ बटण दाबल्यावर झालं, ‘औषधानं बराच भेद आहे.’ रोगी बरा होत होता हो! मग ‘धाकटा लग्नानंतर वेगळा झाला’ देऊन पाहिलं. धाकटा ‘भिन्न’ झाला. वेगळं होण्यात दुसरी चूल असते, ती कुठे गेली?

सगळ्यात वाईट हाल तफावतीचे. दोन गोष्टी जुळायला हव्या होत्या आणि जुळल्या नाहीत, की तफावत: वही आणि गल्ला, बोलणं आणि वागणं. घोडा आणि बैल यांत फरक असतो. त्यांच्यात तफावत काढायची तर आधी त्यांचा जमाखर्च ठेवावा लागेल. ‘अंतर पडलं’ म्हटलं की माणसं दुरावतात, तेही या यादीला ठाऊक नाही. ‘दोन विविध कारणं’ असंही सुचवलं. विविध म्हणायला निदान चार-पाच तरी हवीत ना!

भेद आणि भिन्न दोन्ही ‘भिद्’ म्हणजे फोडणे या धातूतून आले. म्हणून एकाचे दोन झाले की भेद शोभतो: मतभेद, पाठभेद. तिथे फरक घालून बघा, ‘पाठफरक’. शी!

एक गोष्ट मात्र चांगली. प्रत्येक शब्दापुढे लिंग दिलंय. फरक पडला, तफावत पडली, अंतर पडलं. शब्द बदलला की क्रियापदही बदलायचं असतं, आणि घाईत तेच राहून जातं. माझ्या दोन चुका त्यानं वाचवल्या. इंटरनेटशिवाय चालतं, अक्षर मोठं करता येतं.

पाचपैकी अडीच. त्यातला एक पुरता लिंगाचा. ‘बदला’ बटण मी सेटिंगमध्ये जाऊन बंद केलंय. शब्द ओठावर येऊन अडला की यादी तेवढी उघडते.