गॉज, अल्जिनेट की कोलॅजन? घरच्या माणसाचा पाय चिघळला असेल तर

पऱ्हाट्या कापल्या की शेतात धसकटं उरतात. शुगरमुळे तळपाय बधिर झालेल्या माणसाला धसकट घुसलेलं कळतच नाही. कळतं ते चप्पल ओली लागल्यावर. बारा वर्षं मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत मोटारसायकलवर फिरून पट्ट्या बदलतोय, आणि त्या दिवसांत हमखास फोन येतो, "भाऊ, डॉक्टरनं अल्जिनेट लिवलं, मेडिकलवाला कोलॅजन चांगलं म्हन्ते. कोनतं घेऊ जी?"

मी उलट दोन प्रश्न विचारतो. पट्टी किती वेळात भिजते? आणि ती बदलायला घरी कोण आहे? पाकिटावरची किंमत त्यानंतर.

आधी साधी गॉज. ती आपल्याच कापसाची, म्हणजे सेल्युलोजची; तसं पाहिलं तर झाडातून मिळणारा हाही बायोपॉलिमरच, म्हणजे सजीवांत तयार होणारा लांब साखळ्यांचा पदार्थ. स्वस्त, कुठंही मिळते, पू असलेली जखम रोज उघडून पाहायची असेल तर आजही मी तीच वापरतो. वाईट एकच, ती वाळते आणि चिकटते. ओढून काढली की नुकतं आलेलं कोवळं मांस तिच्यासोबत निघतं, रक्त दिसतं, आणि घरचे समाधानानं म्हणतात, "जखम ताजी हाय." जखम वाळू द्यावी ही समजूत आपल्याकडं पक्की आहे. पण 1962 साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की ओलसर राखलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगानं येते. पुढच्या साऱ्या महागड्या पट्ट्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

अल्जिनेट समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून बनतं. दिसायला पिंजलेल्या कापसासारखं. त्यातलं कॅल्शियम जखमेच्या पाण्यातल्या सोडियमशी अदलाबदल करतं आणि तंतूंचा गिळगिळीत जेल होतो. स्वतःच्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी ते धरून ठेवतं. म्हणून सकाळची पट्टी दुपारी ओलीचिंब होत असेल, तर माझा कौल अल्जिनेटलाच. खोल खड्डा असेल तर त्याची दोरीसारखी पट्टी मिळते, ती आत सैल भरायची, ठासायची नाही. वरून साधी गॉज लागतेच. जखमेला पाणी कमी असेल तर मात्र घेऊ नका, ते वाळून पापडासारखं बसतं. तसं झालंच तर सलाईननं भिजवून सोडवायचं.

हिशेब असा करा. गॉज रोज, म्हणजे आठवड्याला सात पट्ट्या. अल्जिनेट बहुधा दोन-तीन दिवसांनी, म्हणजे तीन. तालुक्याला जायचं असेल तर चार वेळचं एसटीभाडं आणि सोबत येणाऱ्याची चार दिवसांची मजुरी वाचते. घरात सून किंवा नातू रोज पट्टी करणारा असेल, तर हे गणित बदलतं.

एका माळकरी आजोबांनी पाकीट हातात घेऊन विचारलं होतं, "हे कायचं बनते गा?" प्रश्न रास्त आहे, दुकानात कोणी सांगत नाही. अल्जिनेट शेवाळाचं, कायटोसन कोळंबी-खेकड्याच्या कवचाचं, कोलॅजन बहुतेक वेळा गाईगुरांच्या किंवा डुकराच्या कातडी-स्नायुबंधातून, कधी माशाचं. आजोबांना शेवाळ चाललं. तुमच्या घरी कोणाला काय चालत नाही ते पाकीट फोडण्याआधी विचारा, आणि झिंगे खाऊन कोणाला गांधी उठत असतील तर कायटोसनच्या आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. कायटोसनचं खरं नाव रक्त थांबवण्यात आहे. जुन्या चिघळलेल्या पायासाठी मी ते मुद्दाम शोधत बसणार नाही.

कोलॅजनबद्दल जरा सावकाश सांगतो, कारण जास्त पैसे इथंच वाया जातात. कोलॅजन म्हणजे आपल्याच कातडीचा सांगाडा. जुन्या जखमेत काही एन्झाइम अति वाढतात आणि नवं मांस कुरतडत राहतात. बाहेरून घातलेलं कोलॅजन त्यांना गुंतवून ठेवतं आणि नव्या पेशींना चढायला मांडव मिळतो. पण मांडव चिखलात उभा राहत नाही. जखमेचा तळ लाल, दाणेदार, पू नसलेला हवा. एका घरी मी गेलो तेव्हा दवाखान्यात लावलेली कोलॅजनची शीट तिसऱ्या दिवशी पुवावर अक्षरशः तरंगत होती. पिवळा थर न काढताच ती लावली होती. ओली शीट अल्कोहोलमध्ये येते, ती सलाईनमध्ये नीट धुतली नाही तर भयंकर आग होते. खाली पाणी साचू नये म्हणून तिला भोकं पाडतात. नीट बसली तर ती ओढून काढायची नसते, आपोआप सुटते. हे सगळं जमणारा माणूस जवळ नसेल तर कोलॅजन घेऊ नका.

हायड्रोकोलॉइडची चिकट चकती (तिच्यात जिलेटिन, पेक्टिन, सेल्युलोजचाच एक प्रकार) उथळ, कोरडसर जखमेवर छान. तीन ते सात दिवस राहते. काढताना पिवळा, वास येणारा चिकटा दिसतो. एका सुनेनं रात्री दहाला फोन केला होता, "भाऊ, पू झाला!" पू नव्हता, विरघळलेली चकतीच होती. पण मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत घामानं तिच्या कडा गुंडाळतात, आणि धानाच्या रोवणीत चिखलात उभं राहणाऱ्याला ती टिकणारच नाही. जंतुसंसर्ग झालेल्या जखमेवर ती झाकणासारखी लावू नये.

आणि कोणतीही शीट घ्या, त्याच पायावर माणूस डवरायला गेला तर ती वाया. तळपायावरचा भार काढणं हा अर्धा इलाज. कुष्ठरोगातल्या बधिर पायांसाठी मऊ रबराची एमसीआर चप्पल वापरतात, वरोऱ्याच्या आनंदवनाच्या शेजारी राहणाऱ्यांना ती ओळखीची आहे. शुगरवाल्यांना मात्र ती मागावी हे सुचत नाही. डॉक्टरांना विचारा. घोट्याजवळची जखम अशुद्ध रक्ताच्या शिरांची असेल तर दाबपट्टी लागते, पण पायाच्या नाड्या तपासल्याशिवाय ती बांधायची नाही.

बोट काळं पडलं, पाय गार लागतो, लाली वर चढतेय, ताप आहे, जखमेच्या तळाशी हाड लागतंय, यांपैकी काहीही असेल तर पट्टीची निवड करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना.

बाकीच्यांनी दर बाजाराच्या दिवशी पट्टी काढल्यावर स्वच्छ पारदर्शक पिशवी जखमेवर ठेवून पेननं कडा आखाव्यात, तारीख टाकावी. चार आठवड्यांत आकार निम्म्यावर आला नाही, तर शीट बदलून काही होत नाही. ती पिशवी घेऊन सेवाग्रामचा दवाखाना गाठा नाहीतर नागपूरचं मेडिकल कॉलेज, आणि डॉक्टरांसमोर पायाआधी पिशवी ठेवा.