लीडरशिप वर्कशॉप, दोन दिवस, 17,110 रुपये : पाचपैकी तीन स्टार

भोसरी एमआयडीसीत आपलं छोटं प्रेस शॉप आहे (मशीनवर पत्रा दाबून-कापून पार्ट काढतो), माझ्यासकट 23 माणसं. गेल्या दिवाळीनंतर दोन चांगले ऑपरेटर सोडून गेले आणि बायको म्हणाली की माणसं पगारासाठी जात नाहीत, तुझ्या तोंडाला कंटाळून जातात, त्या रागात हे वर्कशॉप बुक केलं. फी 14,500 अधिक 18 टक्के जीएसटी. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण तिथला एक माणूस मला खरंच आवडला आणि उगाच त्याला त्रास नको.

बुधवार-गुरुवार होतं हे बरं, गुरुवारी तसंही आपल्याकडे सुट्टी. पण बुधवारी शॉप सुपरवायझरवर सोडून गेलो तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत 11 फोन. हॉटेल झकास, पार्किंगला जागा, नाश्त्याला उपमा गारढोण.

पहिला दिवस सरळ सांगतो, वाया. टाय लावलेला पोरगा, वय असेल तिशीच्या आत, त्याने अमेरिकेतल्या अब्जाधीशांचे फोटो दाखवले, मग स्पॅगेटी आणि मार्शमॅलोचा टॉवर बांधायला लावला, मग फुगे. माझ्या शेजारी चाकणचे एक फोर्जिंगवाले काका बसले होते, साठीच्या पुढचे, ते फुगा हातात धरून म्हणाले "आमच्या फर्नेसला हे सांगा." व्हिजन, मिशन, पॅशन असे शब्द किती वेळा आले ते मी वहीत रेघोट्या मारून मोजत होतो, पंचवीसनंतर सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर एक रिटायर्ड प्लांट हेड आले. हाफ शर्ट, स्लाईड नाही, खडू घेऊन आले. त्यांनी कार्पेटवरच एक गोल काढला (हॉटेलवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला) आणि म्हणाले टोयोटात ताइची ओहनो (तिथली उत्पादन पद्धत बसवणारे) असा गोल काढून इंजिनियरला त्यात उभं करायचे, काही करायचं नाही, फक्त बघत राहायचं. तुमच्यापैकी कोण आपल्या मशीनसमोर सलग अर्धा तास फोन खिशात ठेवून उभं राहिलंय? एकही हात वर नाही, माझाही नाही. मग टोयोटाच्या दोरीचं सांगितलं, कामगाराला काही चुकीचं दिसलं की तो दोरी ओढतो, टीम लीडर धावत येतो, ठरलेल्या वेळात सुटलं नाही तर लाईन थांबते. म्हणाले, दोरी कोणीपण विकत आणेल हो, पण ओढणाऱ्यावर खेकसायचं नाही हे जमायला वर्षं जातात. किर्लोस्करवाडीचं उदाहरण पण त्यांनीच दिलं, 1910 साली निवडुंगाच्या माळरानावर कारखाना उभा करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना पहाऱ्याला ठेवलं होतं. आणि आपण ग्लोव्हजच्या जोडीला मालकाची सही लावतो!

घरचा अभ्यास दोनच गोष्टी. एक, आठवडाभर लोक तुम्हाला काय काय विचारायला येतात ते लिहून काढा. दुसरं, प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा, मध्ये बोलू नका.

मी लिहिलं. सहा दिवसांत 41 प्रश्न, त्यातले 17 ग्लोव्हज, ऑइल, टेम्पो, चहाचं बिल असले. ते सगळे सुपरवायझरला देऊन टाकले, 2,000 रुपयांपर्यंत विचारायचं नाही, महिन्याच्या शेवटी हिशोब दाखव. पहिल्या महिन्यात त्याने माझ्यापेक्षा स्वस्तात ऑइल आणलं, हे जरा लागलंच मनाला.

दहापर्यंत मोजायचं मात्र अवघड गेलं. एका ब्रॅकेटला बर (कापलेल्या कडेला राहणारी खरबरीत धार) येत होता, कस्टमरने लॉट अडवला, आमची दोन पोरं तिथे चार दिवस सॉर्टिंगला बसलेली. मी शंभर टनी प्रेसवरच्या मामांकडे गेलो, ते माझ्या वडिलांच्या वेळेपासून आहेत. नेहमी मी सुरुवातच आवाज चढवून करतो. या वेळी विचारलं, "मामा, तुम्हाला काय वाटतं?" आणि गप्प. सातपर्यंत मोजून झालं, मामा फडक्याने हात पुसत होते. मग म्हणाले, "पंच बोथट झालाय साहेब, आठ दिवस झाले. ग्राइंडिंगला काढायला पाहिजे." (पंच म्हणजे प्रेसमधलं पत्रा कापणारं टूल.)

"मग बोलला का नाहीत?"

"गेल्या आठवड्यात बोललो होतो की. तुम्ही म्हणालात आधी डिस्पॅच काढा, बाकीचं नंतर बघू."

बरोबर तसंच म्हणालो होतो मी, शब्द न शब्द. पंच काढून, धार लावून, परत सेटिंग करायला अडीच तास लागले, ते वाचवायला चार दिवसांचं सॉर्टिंग अंगावर घेतलं होतं.

नंतर टोयोटाच्या दोरीच्या जागी म्हणून तापकीर गल्लीतून (पुण्यातला इलेक्ट्रिक सामानाचा बाजार) लाल दिवे आणले, प्रत्येक प्रेसला एक. पहिले दोन आठवडे एकही पेटला नाही, पोरं दिव्याकडे बघायची मग माझ्याकडे. तिसऱ्या आठवड्यात पेटला तेव्हा नेमका टेम्पो गेटवर उभा, माझं तोंड वाकडं झालंच असणार, कारण पुढचे चार दिवस परत अंधार. आता आठवड्याला तीन-चारदा पेटतो.

दोन स्टार कशाचे कापले तर एक पहिल्या दिवसाचा आणि दुसरा त्या "30 दिवसांच्या फॉलोअप कोचिंग"चा, जे म्हणजे एक व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, रोज सकाळी सूर्योदयाचा फोटो आणि खाली सुविचार. तिथे मी सुपरवायझरला पगारवाढ किती द्यावी असा साधा प्रश्न टाकला, उत्तर म्हणून ॲडव्हान्स कोर्सची लिंक आली, 45,000 रुपये.

जायचं असेल तर फोन करून विचारा की फक्त दुसऱ्या दिवसाची दुपार मिळेल का. मी विचारलं होतं, भावाला पाठवायचं होतं म्हणून, तर म्हणे पॅकेज तोडता येत नाही. आणि जीएसटीचं बिल तिथल्या तिथे मागून घ्या, माझं दोन महिने झाले अजून येतंय.